माणसे ओळखणारा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर

(शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१, फिलेमोनास पत्र)

गोव्यातील डिचोली तालुक्यात शिरगाव नावाचे गाव आहे. लईराई देवीच्या जत्रेमुळे ते दूरवर माहीत आहे, तसेच लोखंडाच्या खाणींमुळेही. त्या भागातून जाताना खाणींच्या शेजारी तांबड्या मातीचे मोठमोठे ढीग दिसतात. खाणीतून माल काढताना ज्या मातीत लोखंडाचे प्रमाण कमी ती निकामी समजून बाजूला टाकीत, तिचे हे ढीग. तिकडे त्यांना डंप म्हणतात. साधारणपणे शेकडा ५८ पेक्षा कमी लोखंड असलेल्या मालाला पूर्वी गिऱ्हाईक नसे. पुढे २००० नंतरच्या दशकात चीनमधून मागणी आली, आणि वर्षानुवर्षे पावसात पडून राहिलेला हा माल बोटींत भरून परदेशी जाऊ लागला. माती तीच होती आणि तिच्यातले लोखंडही तेवढेच होते. घेणारा मात्र पूर्वी कोणी भेटला नव्हता.

माणसांच्या बाबतीतही असेच घडते. शाळेने नापास ठरवलेला मुलगा, साहेबाने कामावरून काढलेला कारकून, तुरुंगातून सुटून आलेला गुन्हेगार यांचेही ढीग आपण समाजाच्या कडेला रचीत असतो. या ढिगांतून माणसे वेचून त्यांच्याकडून उत्तम काम करवून घेणारा एक कारखानदार आपल्याच सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यात जन्मला. त्याचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. लक्ष्मणराव ख्रिस्ती नव्हते. तरीही त्यांचे चरित्र मंडळीच्या मासिकात यावे असे वाटते, कारण ज्या गोष्टी आपण दर रविवारी व्यासपीठावरून ऐकतो त्यांपैकी काही त्यांनी कारखान्याच्या आवारात करून दाखवल्या.

अलीकडे मोठ्या कंपन्यांत आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द वारंवार ऐकू येतो. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली या विषयाची मांडणी केली, आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने तो शब्द घराघरांत नेला. अर्थ सोपा आहे. स्वतःच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, ते आवरणे, समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते जाणणे, आणि त्या जाणिवेने वागणे. ज्याच्या हाताखाली चार माणसे काम करतात त्याला हुशारीइतकीच या गुणाची गरज असते, असे या अभ्यासकांचे म्हणणे. लक्ष्मणरावांच्या काळी हा शब्द जन्मला नव्हता. गुण मात्र होता.

रंग न दिसणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मुलाने विद्याव्यासंगात रमावे ही अशा घराची अपेक्षा, पण या मुलाचे मन शाळेच्या पुस्तकांत लागेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रे काढण्याची आणि यंत्रे उघडून पाहण्याची. वडिलांची मर्जी नसतानाही थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोनेक वर्षांत एक कटू सत्य उघडकीस आले. काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नसत. हात कसलेला होता, रेषा अचूक होती, पण रंगांच्या बाबतीत दृष्टी अधू होती. चित्रकार होण्यासाठी घर सोडून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मनाची स्थिती काय झाली असेल याची कल्पना करावी. अशा वेळी पुष्कळ जण खोट लपवतात, किंवा नशिबाला दोष देत आयुष्य काढतात. लक्ष्मणरावांनी आपले वैगुण्य मान्य केले. रंग सोडले आणि रेषा धरली. ते यांत्रिक चित्रकला शिकले आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. शिकवता शिकवता तेथील कार्यशाळेत स्वतः यंत्रे हाताळू लागले.

आपल्याला काय जमत नाही हे ज्याला ठाऊक असते त्याला दुसऱ्याच्या कमतरतेचे हसू येत नाही. लक्ष्मणरावांच्या पुढच्या वागणुकीचे मूळ येथे असावे. एका बाबतीत नापास झालेला माणूस दुसऱ्या बाबतीत पहिला येऊ शकतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून कळले होते.

अपमानाचे काय करावे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नोकरीत बढतीचा प्रसंग आला. जागा लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. ती मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. कामाची पारख होण्याऐवजी जन्माची पारख झाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाकडे परतले.

त्या दोघा भावांचे बेळगावात सायकलींचे छोटे दुकान होते. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू. मुंबईहून सायकल पाठवायची आणि रामूअण्णांनी ती विकायची, चालवायलाही शिकवायची, असा तो व्यवसाय. ज्या रस्त्यावर ही खटपट चालली त्याला बेळगावात किर्लोस्कर रोड असे नाव मिळाले.

नोकरीत अन्याय झालेली माणसे आपल्या मंडळ्यांतही पुष्कळ आहेत. अशा माणसाच्या हाती पुढे अधिकार आला की दोहोंपैकी एक गोष्ट घडते. काही जण सोसलेल्याची भरपाई हाताखालच्या लोकांकडून वसूल करतात. सासूने छळलेली सून पुढे स्वतः तशीच सासू होते, तसाच हा प्रकार. काही जण मात्र आपल्याला काय बोचले होते ते लक्षात ठेवतात आणि ती बोच दुसऱ्याला लागू देत नाहीत. लक्ष्मणराव दुसऱ्या प्रकारचे निघाले. जन्म पाहून माणसाची जागा ठरवण्याची रीत त्यांनी आपल्या कारखान्यात कधी येऊ दिली नाही. मिसर देशात आपण परके होतो याची आठवण ठेवून परक्याशी वागा, ही जी आज्ञा इस्राएल लोकांना झाली होती, तिचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

दोन वर्षे न खपलेला नांगर

सायकलींनंतर लक्ष्मणराव शेतीच्या अवजारांकडे वळले. कडबा कापण्याचे यंत्र केले, नंतर लोखंडी नांगर केला. लाकडी नांगरापेक्षा तो जमीन खोल उलटवी. पण शेतकरी त्याला हात लावीना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्याची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात.

शिकलेला माणूस अशा वेळी शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसतो. पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याची भीती समजते. जमीन ही त्याची एकुलती एक ठेव. तीच बिघडली तर लेकराबाळांनी खायचे काय? भीती ही वाद घालून जात नाही. ती विश्वास बसला की जाते, आणि विश्वासाला वेळ लागतो. लक्ष्मणरावांनी तो वेळ दिला. दोन वर्षे माल पडून राहिला तरी त्यांनी नांगर सोडला नाही आणि शेतकऱ्यालाही सोडले नाही. पुढे याच नांगराने त्यांचे नाव महाराष्ट्र आणि कर्नाटकातील खेडोपाडी पोचवले.

निवडुंगाच्या माळावर

कारखाना थोडा मार्गी लागला तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या ठळकवाडी भागातील त्यांची जागा शहराच्या वाढीसाठी हवी म्हणून त्यांना ती सोडण्यास सांगण्यात आले. यंत्रे, माणसे, सारा संसार घेऊन जायचे कोठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंध येथील एका बांधकामाच्या निमित्ताने त्यांनी लक्ष्मणरावांचे काम पाहिले होते. संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळ सुमारे ३२ एकर माळरान त्यांनी दिले आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्जही दिले. गोव्याहून लोंढा, बेळगाव, मिरज या मार्गाने पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर हे स्टेशन लागते. पुढे स्टेशनालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

१९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे बरोबर घेऊन तेथे आले. माळावर निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. पाणी नाही, घर नाही, बाजार नाही. आज औद्योगिक वसाहतीत सरकार वीज, पाणी, रस्ता देऊन कारखानदाराला बोलावते. तेव्हा सारे स्वतःच उभारायचे होते. निवडुंग तोडून घरे आणि कारखाना एकाच वेळी उभे राहिले. कारखान्याच्या आधाराने वसलेल्या आपल्या देशातील अगदी पहिल्या वसाहतींत किर्लोस्करवाडीची गणना होते.

बेळगावचे बस्तान मोडून ही पंचवीस कुटुंबे या उजाड माळावर का आली असतील? पगार तर मोठा असणे शक्य नव्हते, कारण मालक स्वतःच कर्जात होता. माणूस पगारासाठी कामावर येतो हे खरे, पण निवडुंगाच्या माळावर बायकामुले घेऊन तो येतो तो धन्यावरच्या भरवशाने. तो भरवसा लक्ष्मणरावांनी बेळगावातच कमावलेला होता. पुढाऱ्याची परीक्षा अशा स्थलांतरात होते. मोशेच्या मागे रानात निघालेल्या लोकांची कुरकुर आपण शास्त्रात वाचतो. येथेही कुरकुर झालीच नसेल असे नाही. पण घरटी माणसे टिकली आणि वाडी वसली.

कोणाला कोठे बसवावे

आता या चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येऊ. लक्ष्मणरावांनी आपले साथीदार कसे निवडले ते पाहण्यासारखे आहे. शंभोराव जांभेकर यांचे शिक्षण अर्ध्यावर सुटले होते. ते येथे यंत्रांचे आणि धातूंचे जाणकार झाले. अनंतराव फळणीकर यांनीही शाळा मध्येच सोडलेली. त्यांच्याकडे कल्पकता होती, म्हणून ते इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी हे शाळेच्या चाकोरीत न बसलेले विद्यार्थी. त्यांनी कारखान्याची व्यवस्था, कायद्याची कामे, बाहेरच्या जगाशी संबंध असे सारे सांभाळले. मंगेशराव रेगे हिशेबनीस, कारकून आणि चिटणीस झाले. थोरले बंधू रामूअण्णा यांनी वाडीची आखणी आणि कारभार पाहिला.

यांतील बहुतेकांच्या हातात त्या कामाची पदवी नव्हती. आजच्या एखाद्या कचेरीत अर्ज केला असता तर पहिल्याच चाळणीत त्यांचे कागद बाजूला पडले असते. लक्ष्मणराव प्रमाणपत्रापेक्षा हात आणि डोळे पाहत. हा मुलगा कशात रमतो, कोणत्या कामाला लागला की त्याला भुकेचे भान राहत नाही, हे पाहून त्याला त्या जागी बसवीत. यंत्रे उघडून पाहणाऱ्या आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या एका मुलाला ते फार जवळून ओळखत होते. तो मुलगा ते स्वतःच होते.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड बोलणे असा काहींचा समज असतो. तसे नाही. गोड बोलून चुकीच्या जागी बसवलेला माणूस दुःखीच राहतो आणि कामही बिघडते. माणसाला त्याची योग्य जागा देणे ही त्याच्या मनाची फार मोठी कदर आहे. मंडळी हे एक शरीर असून डोळ्याचे काम डोळ्याने आणि पायाचे काम पायाने करावे, हे पौलाने करिंथच्या मंडळीला समजावले. तरी आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा डोळ्याला चालायला लावतात आणि पायाला पाहायला, आणि मग दोघांनाही बोल लावतात.

दोन पहारेकरी

किर्लोस्करवाडीच्या इतिहासात आणखी दोन नावे आहेत. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. चरित्रकारांनी त्यांची नावे अशी जातीसकटच नोंदवली आहेत. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले होते. लक्ष्मणरावांनी त्यांना आपल्या वाडीचे रात्रीचे पहारेकरी नेमले.

क्षणभर थांबून याचा विचार करू. कारखाना उघड्या माळावर, आसपास वस्ती विरळ. आत यंत्रे, माल आणि झोपलेली बायकामुले. त्या सर्वांच्या रक्षणाचे काम दरोडेखोरांकडे! वाडीतल्या लोकांना पहिल्या रात्री झोप लागली असेल का? आणि त्या दोघांना तरी काय वाटले असेल? ज्यांच्या पाठीवर पोलिसांची नजर असायची, ज्यांना पाहून दारे बंद व्हायची, त्यांच्याच हाती आज दारांची राखण आली होती. ज्या हातांकडे सारे संशयाने पाहत त्या हातांवर कोणी विसंबले होते. ते दोघे अखेर वाडीचे विश्वासू राखणदार ठरले.

त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. त्यानुसार देशातील अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर शिक्का बसे. हा कायदा देशातून पुरता जायला १९५२ साल उजाडावे लागले. वास्तविक रामोशी हे पूर्वापार गडकोटांचे आणि गावांचे राखणदार. त्यांची पिढीजात राखणदारी राज्य बदलल्यावर गेली आणि पुष्कळांवर चोरीची पाळी आली. म्हणजे तुकारामाला लक्ष्मणरावांनी जे काम दिले ते एका अर्थी त्याच्या वाडवडिलांचे कामच त्याला परत मिळाले.

पिऱ्या मांग हे नाव वाचताना आपल्यापैकी कित्येकांच्या मनात काही हलेल. आपल्या मराठी मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांचे पूर्वज गावाच्या वेशीबाहेर राहत होते. त्यांनाही असेच अर्ध्या नावाने आणि पुऱ्या जातीने हाक मारीत. कोणीतरी त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहिले, हातात पुस्तक दिले, भाकरीच्या पंक्तीला बसवले, आणि म्हणून आज त्यांची नातवंडे शिक्षक, परिचारिका, डॉक्टर झाली. त्या ऋणाची आठवण असलेल्या मंडळीने तरी कोणाला जातीवरून किंवा मागच्या चुकीवरून जोखू नये. लक्ष्मणरावांनी आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. आपल्यातही लग्नसंबंध जुळवताना आणि पंच निवडताना जुनी वेस अधूनमधून डोके वर काढते, हे आपण जाणतो.

याच औंध संस्थानात पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंतीवाचूनचा तुरुंग अशी तिची कीर्ती झाली, आणि दो आँखें बारह हाथ या १९५७ च्या चित्रपटाची कल्पना तिच्यावरूनच सुचली. विश्वासाचे बी एकदा पेरले म्हणजे ते त्या मातीत पुन्हा पुन्हा उगवते.

तोफांचे नांगर

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. भट्ट्या थंड पडण्याची वेळ आली. भट्टी थंड म्हणजे कामगाराची चूल थंड. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या संस्थानात जुन्या तोफा गंजत पडल्या होत्या. त्या लक्ष्मणरावांना मिळाल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. यशया संदेष्ट्याने तरवारींचे फाळ होतील अशा दिवसाचे स्वप्न पाहिले होते. कुंडलच्या माळावर तोफांचे फाळ झाले.

संकटात घाबरलेल्या धन्याची भीती सर्वांत आधी हाताखालच्या माणसांना लागते. त्याच्या कपाळावरची आठी पाहून कामगार ओळखतो की आपली भाकरी धोक्यात आहे. धनी मन शांत ठेवून वाट शोधू लागला की तेही शोधू लागतात. गालील समुद्रावरच्या वादळात शिष्य घाबरले होते आणि प्रभू उशाशी डोके टेकून झोपला होता. त्याच्या त्या शांतपणाचा थोडासा अंश ज्याच्यात असेल त्याने पुढारी व्हावे.

युद्धानंतर १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर हे मासिक निघू लागले. त्यातूनच पुढे किर्लोस्कर मासिक झाले, आणि त्याच घरातून १९३० साली स्त्री मासिक निघाले. नांगराबरोबर पंप आले, नंतर इंजिने आली. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. थोरले चिरंजीव शंतनुराव यांनी तो व्याप कितीतरी पटींनी वाढवला.

जळालेली वाडी

पण या चरित्राचा शेवट सगळाच गोड नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे आणि दुकाने जाळण्यात आली. ती आग किर्लोस्करवाडीपर्यंत पोचली. जमाव चालून आला आणि कारखाना पेटवला गेला. निवडुंग तोडून उभे केलेले वैभव एका दिवसात काळे पडले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जन्मभर त्यांनी जात पाहून कोणाला जोखले नव्हते. त्या दिवशी जमावाने त्यांना त्यांच्या जातीवरून जोखले.

चांगले वागले की चांगलेच पदरी पडते असा हिशेब मांडून जो चांगला वागतो, त्याची अशा दिवशी निराशा होते. जमावाला माणसे ओळखता येत नाहीत, त्याला फक्त शिक्के ओळखता येतात. ज्या अन्यायाने मुंबईत त्यांची बढती गेली त्याच अन्यायाने म्हातारपणी त्यांची वाडी जाळली. पण राख झालेला कारखाना पुन्हा उभा राहिला, भट्ट्या पुन्हा पेटल्या आणि यंत्रे पुन्हा फिरू लागली. इमारत जाळता येते. माणसामाणसांत बसलेली घडी तशी जळत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या नावाने तिकीट काढले.

आपल्यासाठी

बर्णबा आणि पौल यांच्यात योहान मार्कावरून तीव्र मतभेद झाला तो प्रसंग शब्बाथशाळेच्या शिक्षकांना परिचित आहे. मार्क पंफुल्यात काम सोडून परत गेला होता. पौलाने त्याला पुन्हा बरोबर घेण्याचे नाकारले. बर्णबाने त्याला घेतले. पुढे तुरुंगात असताना पौलाने त्याच मार्काला बोलावून घेतले, कारण तो सेवेसाठी उपयोगी असल्याचे त्याला पटले होते. परंपरेने दुसरे शुभवर्तमान या मार्काच्या नावावर आहे. बर्णबाने त्या दिवशी त्याला झिडकारले असते तर? तसाच तो पळालेला दास अनेसिम. त्याच्या नावाचाच अर्थ उपयोगी असा आहे. निरुपयोगी ठरलेल्या त्या माणसाला पौलाने बंधू म्हणून फिलेमोनाकडे परत पाठवले. मंडळीचा इतिहास अशा परत घेतलेल्या माणसांनी भरला आहे.

तरीही आपल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणि कचेऱ्या यांत काय दिसते? प्रार्थनेने दिवस सुरू करणारे वरिष्ठ दहा वाजता शिपायावर चारचौघांत ओरडतात. चुकलेल्या परिचारिकेची चूक तिच्या आजारी मुलाची विचारपूस न करता नोंदवहीत लिहिली जाते. मंडळीच्या सभेत दहा वर्षांपूर्वीचा जुना दोष आजही काढला जातो. हे सारे वाईट माणसे करतात असे नाही. पुष्कळदा थकलेली, भ्यालेली, स्वतः कधीतरी दुखावलेली माणसेच ते करतात. म्हणून अधिकाऱ्याने आधी स्वतःच्या मनाची झडती घ्यावी. मला आज राग कशाचा आला आहे? तो या माणसाचा आहे, की सकाळी मला बोललेल्या माझ्या वरिष्ठाचा? एवढे विचारून मग तोंड उघडले तर अर्धे तंटे मिटतील.

शब्बाथशाळेतही एक पिऱ्या असतो. तो मागच्या बाकावर बसतो, गीत चालू असताना शेजाऱ्याला चिमटे काढतो आणि सुवर्णवचन कधीच पाठ करीत नाही. त्याला बाहेर काढणे सोपे आहे. एका रविवारी त्याच्या हाती वर्गाची किल्ली द्या, हजेरीची वही सांभाळायला द्या, लहान मुलांना रस्ता ओलांडून देण्याचे काम सांगा. पहिल्या दिवशी तो गडबड करीलही. दोन वर्षे न खपलेल्या नांगराची त्या वेळी आठवण ठेवावी.

२०१२ साली गोव्यातील लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा शिरगाव आणि आसपासच्या गावांतील कितीतरी ट्रकवाले, मेकॅनिक आणि मजूर एकाएकी रिकामे झाले. काम गेलेला माणूस आपणही डंपवर पडलो असे समजू लागतो. अशा माणसाच्या घरी जाऊन बसणे, त्याला काय येते ते विचारणे आणि त्याच्या हाताला काही काम मिळते का ते पाहणे, ही पाळकांइतकीच प्रत्येक सभासदाची सेवा आहे. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेल्या दगडालाच देवाने कोनशिला केले. त्या दगडावर उभ्या असलेल्या मंडळीने कोणालाही निकामी म्हणून टाकून देऊ नये. प्रभू आपल्या सर्वांना तशी दृष्टी देवो.

शब्बाथशाळेत विचारण्यासाठी

१. चित्रकार होता येणार नाही असे कळल्यावर लक्ष्मणरावांनी काय केले? आपल्याला जमत नसलेली एक गोष्ट प्रत्येकाने सांगावी, आणि जमणारीही एक सांगावी.

२. बर्णबाने मार्काला बरोबर घेतले नसते तर काय झाले असते?

३. तुम्ही तुकाराम किंवा पिऱ्या असता तर पहाऱ्याच्या पहिल्या रात्री तुमच्या मनात काय आले असते?

४. आपल्या वर्गात, घरात किंवा कामाच्या जागी आपण कोणाला बाजूला टाकले आहे? या आठवड्यात त्याच्यासाठी कोणती एक गोष्ट करता येईल?